डोक्यातल्या बुरशीची हकीकत

ती. विमलताईस,

साहेबरावाचा साष्टांग नमस्कार. (खाटेवर आडवाच आहे, म्हणून वेगळी मेहनत पडली न्हाई.) फोनवर तू रडतेस, म्हणून पत्र. अंकुशनगरात तू आणि तुझी उरलेली किडनी खुशाल असाल. मला दिलेली इकडं माझ्या पोटात बराबर काम करून राह्यलीय. बिघडलं ते डोकं.

दिवाळीनंतर डोकं दुखायला लागलं. बदनापूरच्या डॉक्टरांनी सर्दी ठरवली. मंग चष्मा बदलला, तर शीतल दोन-दोन दिसायला लागली. (एकीलाच उत्तरं देताना माझी दमछाक.) सासूबाईंनी मिरच्या ओवाळून चुलीत टाकल्या, गल्ली खोकली, दुखणं तसंच. शेवटी एमआयडीसीतल्या बियाण्याच्या गोदामात पोत्यांवर कोसळलो आणि टेम्पोतून संभाजीनगरला पोचलो.

इथं मणक्यात सुई घालून पाणी काढलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "मेंदूच्या आवरणात बुरशी झालीय. कबुतरांत वावर होता का?"

गोदामाच्या पत्र्याखाली कबुतरंच कबुतरं. त्यांची घाण आम्ही सगळेच झाडायचो, बाकी कुणाला शिंकसुद्धा न्हाई. पण तुझी किडनी परकी म्हणून शरीरानं हाकलू नये यासाठी मी गोळ्या खातो ना, त्यांनी अंगातले पहारेकरी झोपवलेत. (दार तुझ्यासाठी उघडं ठेवलं, शिरली बुरशी. यात तुझा दोष बिलकुल न्हाई.)

औषध शिरेतून चढतं तेव्हा थंडीनं खाट वाजते. शेजारच्या खाटेवर रामराव नावाचे म्हातारे आल्ते, हाच आजार. पाठीत कुणाला जास्त सुया बसल्या यावर आमचं भांडण चालायचं. काल मी भांडण काढलं, त्यांच्याकडून उत्तर आलं न्हाई. मी कुणाला काही विचारलं न्हाई.

बाकी मजेत. यायची घाई करू नको.

तुझा,
साहेबराव

ता. क. बुरशी मरावी म्हणून त्या गोळ्या कमी केल्यात. त्यानं तुझी किडनी जाऊ शकते म्हणतात. सांभाळता आली न्हाई तर रागावू नको.

आणखी ता. क. वन्सं, मी शीतल. वरचं सगळं त्यांनी सांगितलं आणि मी लिहिलं. आठवडा झाला, त्यांना दिसत न्हाई. नजर परत येईलच असं डॉक्टर म्हणत न्हाईत. हे तुम्हाला कळवू नको म्हणालेत. दार वाजलं की मात्र, ताई आली का, म्हणून विचारतात. जल्दी या.