टाकीतलं फूल

३ नोव्हेंबर, सोमवार

फूल आज उघडलंच नाही. सकाळी माशांच्या टाकीचा लाईट लावला, पंप बघितला, चहा होईपर्यंत वाट बघितली. नाहीच! एरवी ताटलीएवढं पसरतं, आज वाटीत मावेल असं आक्रसून बसलंय. मधलं तोंड सैल पडलंय. दोन्ही केशरी मासे भोवती घिरट्या घालतायत, आत शिरायला जागाच नाही त्यांना.

माझा नवरा पृथ्वी म्हणायचा, फूल नाही गं, प्राणी आहे, अ‍ॅनिमोन म्हण. शिक्रापुरात अ‍ॅनिमोन कोण म्हणणार! समुद्रातला जीव, आणि राहतो कुठे, तर डाळिंबाच्या बागेला लागून असलेल्या घरात, फिल्टरच्या पाण्यात मीठ कालवून. सासऱ्यांनी, आबांनी, पहिल्या दिवशीच त्याला फूल करून टाकलं. आता मीही तेच म्हणते.

कोळंबीचा तुकडा दिला. धरला, आणि सोडून दिला. कंपनीत दिवसभर डोकं ठिकाणावर नव्हतं. क्वालिटीला बसून चांगले पार्ट रिजेक्ट केले.

४ नोव्हेंबर, मंगळवार

सुट्टी टाकली. सिद्दीकभाईंना फोन केला. टाकीचं सगळं सामान पृथ्वी त्यांच्याच दुकानातून आणायचा. म्हणाले, थोडं पाणी बदला, लाईट कमी ठेवा, खायला घालू नका, सारखा हात घालू नका. शेवटचं अवघड आहे.

दुपारी दौंडहून आईचा फोन. तेच पुराण. मुलगा रेल्वेत आहे, बायको वारलेली, मूलबाळ नाही, माणसं चांगली. मी म्हटलं, आमचं फूल आजारी आहे. आई म्हणाली, "अगं, माणूस गेला तुझा. आता पेटीतल्या माशांपायी जन्म काढणार हायेस का?"

काढणार आहे! पृथ्वीच्या वर्षश्राद्धाला सगळ्यांसमोर सांगितलंय, हे फूल जिवंत आहे तोवर मी हे घर सोडणार नाही. लोकांना वाटलं, दुःखात बोलली. मी चांगली विचार करून बोलले होते. अशी फुलं नीट सांभाळली तर माणसाच्या वर जगतात म्हणे. म्हणजे माझा जन्म आरामात निघाला असता.

आबा तेव्हा मान खाली घालून बसले होते. तसे ते एरवीही मोजकंच बोलतात.

५ नोव्हेंबर, बुधवार

दुपारी जरा पसरलं. एक मासा आत जाऊन बसला. मी चक्क गाणं म्हणत भाकरी केल्या.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

कालचं पान लिहायला सुचलंच नाही. फूल दगडावरून सुटलं. काल संध्याकाळी कामावरून आले तर पंपाच्या तोंडाशी जाऊन अडकलेलं, एका बाजूचे बोटांसारखे गोंडे चिरडलेले. पंप बंद केला, हाताने सोडवलं, पंपाला जाळी बांधली. पुन्हा दगडावर ठेवलं तर धरत नाही. लोळतं.

आणि काचेवरच्या गोगलगायी खाली पडल्यात. उलट्या. सगळ्याच! त्यांना काय झालं?

आबा दर थोड्या वेळाने दारात येतात. "हाय का?" एवढंच विचारतात. मी हो म्हणते. जात नाहीत, उभे राहतात. दोन दिवस नीट जेवलेलेही नाहीत. पृथ्वी गेल्यावर हे असेच दारात उभे राहायचे. म्हाताऱ्याचाही जीव अडकलाय त्यात. मी एकटी नाही, याचं आज फार बरं वाटलं.

८ नोव्हेंबर, शनिवार

सिद्दीकभाई स्वतः आले. पाणी तपासलं. बाटलीतला रंग बघून त्यांचा चेहरा उतरला. म्हणाले, वहिनी, ह्यात तांबं आलंय. माशांना थोडंफार चालतं, पण फुलाला आणि गोगलगायींना ते विषच. कुठून आलं असेल? आम्ही वायरी बघितल्या, पंप उघडले. काही नाही.

मग मागच्या दगडाच्या फटीत माझाच हात लागला. पुरचुंडी. जुन्या धोतराची, दोऱ्याने बांधलेली, हिरवी-निळी पडलेली. सोडली तर आत मोरचुदाचा खडा, म्हणजे तांबंच, निम्मा विरघळलेला.

शेततळ्यात शेवाळ माजलं की आबा हेच करतात. मोरचूद फडक्यात बांधायचं आणि दोरीने पाण्यात सोडायचं. टाकीच्या काचेवर महिनाभर शेवाळ चढत होतं, मला घासायला वेळ नव्हता. त्यांना वाटलं असणार, सुनेला तेवढीच मदत.

असा संताप आला! विचारायचं तरी! एका शब्दाने विचारायचं! बाहेर जाऊन बोलणारच होते. ओट्यावर आबा डोकं धरून बसलेले दिसले आणि परत आत आले. सिद्दीकभाईंनी पुरचुंडी रुमालात गुंडाळून खिशात टाकली.

जाताना म्हणाले, "आता हे न्हाई वाचत, वहिनी. टाकीत मेलं तर पाणी सडंल, मासेबी जातील. आजच काढा."

९ नोव्हेंबर, रविवार

काल नाही काढलं. आज काढलं.

पांढरं पडलं होतं, साय धरावी तसं हातात फाटत होतं. वास यायला लागला होता. बादलीत ठेवलं आणि हात काढायला गेले तर एक गोंडा बोटाला चिकटला. धरून राहिला. अजून जीव होता त्याच्यात! मी तशीच ओणवी बसून राहिले. सोडवायचं धाडस होईना. पृथ्वीच्या वेळी मला कुणी जवळसुद्धा जाऊ दिलं नव्हतं. हायवेवरच्या अपघातातून परस्पर नेलं, सगळं परस्पर झालं. इथे निदान हात होता.

संध्याकाळी बोट सुटलं.

१० नोव्हेंबर, सोमवार

बांधाशी पुरलं. खड्डा आबांनी खणला. मला कुदळीला हात लावू दिला नाही. नंतर ते तिथेच बसून राहिले, उन्हात, टोपी न घालता.

मी शेजारी बसले. ठरवून ठेवलं होतं तेच बोलले. म्हटलं, "आबा, ते आजारीच होतं. जुनं झालं होतं. कुणाचा दोष नाही."

त्यांनी माझ्याकडे बघितलं, बराच वेळ. मी आयुष्यात पहिल्यांदा इतकं नीट खोटं बोलले असेन. हा माणूस मुलाच्या मागे जेमतेम उभा आहे. आता त्याच्या हातून त्याच्या मुलाचं फूल मेलं, हे त्याला का सांगू? मी मरेपर्यंत सांगणार नाही.

१२ नोव्हेंबर, बुधवार

मासे कोपऱ्यात, एकमेकांना चिकटून. फूल होतं त्या दगडाकडे जातात आणि परत येतात. मी कामावर गेले, परत आले. आईचा फोन उचलला नाही.

एक ठरवलंय. टाकी धुऊन काढायची, नवीन दगड, नवीन वाळू, आणि दुसरं फूल आणायचं. कुणी हसलं तर हसू दे. मला इथून हलायचं नाही. आबांनाही सोबत होईल.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

जेवताना आबांना नव्या फुलाचं सांगितलं. त्यांनी हातातला घास ताटात ठेवला. म्हणाले, "नगं आणू. आणलंस तर मी त्येच्यातबी मोरचूद टाकीन. पृथ्वीनं मला पयल्याच दिशी बजावलं हुतं, आबा, तांब्यानं हे मरतं. मला ठावं हुतं, पोरी. तुझ्या आईला फोन केलाय. परवा येत्यात न्यायला."