बेटावरच्या विद्यापीठाची एम. ए.

गुरुजी, नात सकाळपासून मोबाईलवर घरबसल्या पदवी देणारी विद्यापीठं चाळून राहिली. नोकरी सांभाळून शिकायचं म्हणते. नाव दिसलं की आधी त्या विद्यापीठाला मान्यता आहे का ते सरकारी यादीत बघते, मग अभ्यासक्रम बघते, आणि मधूनच मला म्हणते, "आबा, तुम्हाला यातलं काय कळतं?" मी म्हणालो, "काही नाही बुवा." हे खोटं आहे. आणि ते किती खोटं आहे हे ज्याला सांगावंसं वाटतं असा माणूस एकच, तो म्हणजे तुम्ही. तुम्ही जाऊन वीस वर्षं होत आली, तेव्हा उत्तराची मला घाई नाही.

शिरड शहापूरच्या शाळेतली तुमची हजेरी मला अजून ऐकू येते. नाव पुकारलं की 'हजर' म्हणायचं नाही. आधीच्या पोरानं कवितेची जी ओळ म्हटली तिच्या पुढची ओळ म्हणायची. एखादं लेकरू आलेलं नसलं की कविता तिथंच अडायची आणि तुम्ही म्हणायचात, "बघा, एक जण शेतात गेला तर अख्खी नदी आटली." मी ताप अंगात घेऊन शाळेत यायचो, कारण माझी ओळ दुसऱ्या कुणी म्हणावी हे मला सोसत नसे. म्हणताना चुकलं तर तुम्ही म्हणायचात 'पुन्हा', आणि बरोबर आलं तर 'बस खाली'. एवढे दोनच शब्द. 'छान' हा तिसरा शब्द तुमच्या तोंडून कुणी ऐकल्याचं मला आठवत नाही. मी तुमच्या हाताखाली होतो तेवढी सगळी वर्षं त्या शब्दाची वाट पाहिली. बाकीची पोरं सुट्टीची वाट पाहायची.

पुढे मी डोंगरकड्याच्या खाजगी शाळेत मराठीचा मास्तर झालो. ती शाळा कशी होती हे तुम्हाला सांगायला नको. तिच्या मान्यतेच्या तपासणीला ग्रंथालय तुमच्याच शाळेतून बैलगाडीत घालून आलं होतं. बेंच दुसऱ्या गावचे, भिंगं आणि परीक्षानळ्या तिसऱ्या गावच्या, आणि त्या दिवसापुरता ग्रंथपाल मी. तेव्हा सगळ्याच नव्या शाळा असं करायच्या आणि तपासणीला येणारे साहेबही चहा पिताना विचारायचे, "बेंच कुठले आणले?" पुस्तकं देताना तुम्ही मला म्हणाला होतात, "तपासणी झाली की परत पाठव. पण एखादं वाचून फाटलं तर तसंच पाठव, मला राग येणार नाही." पुस्तकं जशीच्या तशी परत गेली, गुरुजी. एकही फाटलं नव्हतं.

हिंगोली जिल्हा नवा नवा झाला तेव्हाची गोष्ट. आमचे मुख्याध्यापक निवृत्त व्हायचे होते आणि ती खुर्ची मला हवी होती. तशी सेवा माझीच सर्वांत जास्त, पण गणिताच्या सरांकडे एम. एस्सी. होती आणि माझ्याकडे नुसती बी. ए., बी. एड. संस्थेचे अध्यक्ष म्हणजे केळीचे व्यापारी. त्यांनी मला आडतीवर बोलावलं आणि गाडी भरता भरता सांगितलं, "सर, तुमी एम. ए. घेऊन या, खुर्ची तुमची. न्हाई तर मग मला तकलीफ होते ना निवडायला." मी बाहेरून एम. ए.ला दोनदा बसलो होतो आणि दोनदा भाषाशास्त्रात आपटलो होतो. दुसऱ्या वेळी तर परीक्षेच्या खोलीला खिडकी होती, आणि खिडकीबाहेर पळस फुललेला होता. मी त्याच्यावर दीड पान लिहून आलो.

तेव्हा हिंगोलीत बसस्टँडजवळ एका मॅडमनी कम्प्युटरचा क्लास काढलेला होता. त्यांच्याकडे इंटरनेट होतं, वीज असेल तेव्हा. कुणीतरी सांगितलं की तिथून परदेशातली पदवी मिळते. मी गेलो. मॅडम पडद्यावरून एकेक पदवी वाचून दाखवतात आणि मी शेजारच्या खुर्चीवर हात जोडल्यासारखा बसलो आहे. धंद्याचं व्यवस्थापन, हॉटेलं, धर्मशास्त्र, गोल्फचं मैदान राखणं, घोड्यांचं संगोपन. "मराठी हाय का?" मी विचारलं. "मराठी न्हाई सर. जागतिक साहित्य हाय." मी जरा विचार केला आणि म्हणालो, "मग जगात मराठी येतेच की." मॅडम म्हणाल्या, "बराबर."

परीक्षा नव्हती. तासही नव्हते. आयुष्यात काय अनुभव घेतला ते लिहून पाठवायचं, आणि त्या अनुभवावर विद्यापीठ पदवी देणार. गुरुजी, तुम्हाला हसू येईल, पण मला ते वाचून गहिवरून आलं. सबंध जगात एक विद्यापीठ असं निघालं की ज्याला भाषाशास्त्र नको होतं, माझं आयुष्य हवं होतं! मी आठ कडव्यांची कविता लिहिली. मॅडमनी ती इंग्रजी अक्षरांत, पण मराठीतच, टाईप केली. मी म्हटलं, "तिकडं कळेल का?" त्या म्हणाल्या, "विद्यापीठ हाय सर, कुणीतरी असंल की." मला ते इतकं पटलं की परतीच्या एस. टी.त मला तो माणूस दिसायलाच लागला. विद्यापीठाचा पत्ता कुठल्याशा बेटावरचा होता. तिथं नारळाखाली खुर्ची टाकून एक चष्मेवाले मराठी गृहस्थ माझं तिसरं कडवं वाचताहेत आणि डोळे पुसताहेत.

तीन दिवसांत होकार आला, तोही विशेष प्रावीण्यासह. मग टपालाने जाड कागदाचं प्रमाणपत्र आलं, त्यावर सोनेरी ठसा आणि लाल फीत. सोबत एक पत्र, की या विद्यापीठाला जागतिक परिषदेची मान्यता आहे. गणिताच्या सरांनी दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले आणि बोट ठेवून दाखवलं की विद्यापीठाचा आणि परिषदेचा पत्ता एकच आहे. खोलीसुद्धा तीच. अध्यक्षांनी मात्र कागद हातात घेतले, लांब धरले आणि म्हणाले, "मग त्यात काय झालं? आपल्या संस्थेचा अध्यक्ष मी, सचिव माझी बायको, कोषाध्यक्ष मेव्हणा. पत्ता एकच हाय ना? मान्यता मिळाली का न्हाई आपल्याला?" गणिताचे सर पुढच्या तासाला निघून गेले.

सत्कार ठरला. प्रमुख पाहुणे म्हणून तुमचं नाव मीच सुचवलं. का सुचवलं, ते तेव्हा मला नीट सांगता आलं नसतं. तुम्ही दोन गाड्या बदलून आलात, धोतर तसंच पांढरंशुभ्र. मैदानात सतरंज्या, पहिल्या रांगेत नवा फेटा बांधून माझे वडील, बाजूला अध्यक्ष. शाल झाली, नारळ झाला. तुम्ही प्रमाणपत्र हातात घेतलं, बराच वेळ पाहिलंत आणि माईकसमोरच विचारलंत, "परीक्षा कुठं झाली?"

"घरीच, गुरुजी."

"पर्यवेक्षक कोण होता?"

"कोणी नव्हतं."

"अन् लिहिलंस काय?"

"कविता."

"मग म्हण."

मी म्हटली. पाठ होतीच. आवाज चांगला लागला होता, वाराही पडला होता. तिसऱ्या कडव्यात वडिलांना शेतात साप चावतो आणि बालवयातच माझं छत्र हरपतं. तिथं बायकांनी डोळ्यांना पदर लावले. आठवं कडवं संपलं, टाळ्या पडल्या. तुम्ही टाळ्या थांबेपर्यंत थांबलात.

"तिसऱ्या कडव्यात बाप मेला?"

"हो, गुरुजी."

"मग सहाव्या कडव्यात तुला बैलगाडीत घालून कॉलेजला सोडतो तो कोण?"

पहिल्या रांगेतून वडील मोठ्यानं म्हणाले, "मीच सोडलं व्हतं गुरुजी! सर्जा-राजाची जोडी व्हती. अन् ह्या येड्यानं मला मारलं कधी?" मैदान हसायला लागलं. तुम्ही हसला नाहीत. माईकवरून तोंड बाजूला करून, मला एकट्याला ऐकू जाईल असं म्हणालात, "मेलेला माणूस गाडी कशी हाकतो, हे तपासणाऱ्यानं विचारलं नाही?"

"नाही."

"मग त्यानं वाचलेलं नाही, बाळा."

लोकांना वाटलं तुम्ही मला आशीर्वाद दिला. अध्यक्षांनी पुन्हा टाळ्या वाजवल्या. मी तिथं शाल पांघरून उभा होतो आणि मला खुर्चीचं दुःख नव्हतं, पदवीचंही नव्हतं. माझ्या डोळ्यांसमोर त्या बेटावरचे चष्मेवाले गृहस्थ खुर्चीवरून उठून चालते झाले होते.

दुसऱ्या दिवशी मी अध्यक्षांकडे जाऊन प्रमाणपत्र परत मागितलं. मुख्याध्यापकाचा प्रस्ताव अजून हिंगोलीच्या शिक्षण खात्याकडे गेला नव्हता. ते चिडले. "काहून? फुकटचा मान मिळून राहिला तर तुमाला काय होऊन राहिलं?" मी म्हटलं, "ते वाचलेलं नाही त्यांनी." ते म्हणाले, "सर, आपण बी कुठं सगळं वाचतो?" खुर्चीवर गणिताचे सर बसले. चांगले मुख्याध्यापक निघाले. वडील मात्र पुढं कित्येक महिने येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत, "पोरगं माझं, पन मला साप डसवून एम. ए. झालं."

तुम्हाला वाटलं असेल, झालं, पोरगं सुधारलं. नंतर मी शिरड शहापूरला तुमच्याकडे आलो तेव्हा तुम्ही स्वतः उठून मला चहा ओतून दिलात. तसं तुम्ही फार कमी जणांना देत असाल. त्या वेळी सांगायला हवं होतं, पण चहा गरम होता आणि तुम्ही खुशीत होता, म्हणून राहून गेलं. झालं असं होतं, की प्रमाणपत्र परत आणल्यावर मी पुन्हा हिंगोलीला जाऊन मॅडमकरवी विद्यापीठाला पत्र लिहिलं. एकच प्रश्न विचारला: माझी कविता तुमच्यापैकी नक्की कोणी वाचली? मॅडम म्हणाल्या, "सर, उत्तर यायचं न्हाई." उत्तर दुसऱ्याच दिवशी आलं. त्यांनी कळवलं होतं की आपलं लेखन अप्रतिम आहे, आमचे परीक्षक भारावून गेले, आणि एवढ्या गुणवत्तेवर आपण थेट डॉक्टरेटला पात्र आहात. सोबत फॉर्म.

तो मी भरला, गुरुजी. सगळं कळत असताना भरला. या वेळी कवितेत वडिलांना आठही कडव्यांत जिवंत ठेवलं, तेवढी तुमची शिकवण पाळली. डॉक्टरेट आली, ती कुणाला दाखवली नाही, नावापुढे कधी लावली नाही. आत नात अजून याद्या तपासते आहे. ती हुशार आहे, फसायची नाही. तुम्हाला लिहिलेलं हे पत्र मी टपालात टाकणार नाही, टाकायला पत्ताही नाही. पण 'अप्रतिम' असं लिहिलेलं ते उत्तर मी जपून ठेवलं आहे. वर्षातून एखाद्या वेळी काढून वाचतो. कविता कोणी वाचली नव्हती हे ठाऊक असूनही वाचतो, आणि बरं वाटतं.