पिवळ्या गुलाबाखालची खापरी

ती. बाबा,

एवढ्या लांबून नमस्कार पोचवते.

मी मजेत आहे. खोली कोरडी आहे, जेवण बहुतेक वेळेवर होतं. तुमचा खोकला कसा आहे?

रविवारी आमच्या शिवणखात्यातल्या चाळीस बायकांची सहल आहे. ठिकाण मीच ठरवलं: तुम्ही माळी होतात तो राजवाडा आणि त्याची बाग. चोरीचा आळ घेऊन तुम्हाला हाकलणारा तो मुकादम आता तिथे पाहुण्यांना बाग दाखवतो. तुमच्या पिवळ्या गुलाबापाशी थांबून छाती फुगवून सांगतो, "हे कलम मी बांधलं."

तुम्ही तेव्हा "जाऊ दे" म्हणालात. मी अकरा वर्षं जाऊ दिलेलं नाही.

प्रत्येक कलमाखाली तुम्ही स्वतःचं नाव आणि तारीख कोरलेली खापरी पुरायचात, हे त्या शहाण्याला ठाऊक नाही. डब्याच्या पिशवीत खुरपं ठेवलंय. चाळीस जणींसमोर खापरी काढणार आणि मोठ्याने वाचायला त्यालाच लावणार.

आईला यातलं काही सांगू नका, ती जेवायची नाही.

खापरी झाडाच्या कुठल्या बाजूला आहे, तेवढं उलट टपाली कळवा. मुळांना धक्का लागू देणार नाही, शब्द देते. मुकादमाबद्दल मात्र शब्द मागू नका.

तुमची,
धाकटी