बिनटेकूचा चंद्र

२४ नोव्हेंबर, मोहर्ली

पोचलो एकदाचा! चंद्रपूरच्या बसमधून उतरलो तेव्हा खांद्यावर बॅग, पाकिटात उर्वशीचा फोटो आणि डोक्यात राग. तिन्ही शाबूत. काम फक्कड आहे. विनोदभाऊंचं सफारीवाल्यांना कॅमेरे अन् लेन्स भाड्यानं द्यायचं दुकान. काचा पुसायच्या, बॅटऱ्या भरायच्या. दुपारच्या सफारीच्या जिप्स्या अडीचला जंगलात गेल्या की सहापर्यंत मी मोकळा, आणि सहाशे मिलिमीटरची लेन्स माझ्या हातात. विनोदभाऊ म्हणे, कॉलेज काऊन सोडलं बे? म्हटलं, कॉलेजनं मला नाही काढलं, मीच त्याला सोडलं, एवढं ध्यानात ठेवा. हसले. म्हणे, मंग दुकान बी तूच सोडशीन.

नाही सोडणार. उर्वशीला दाखवायचंय. मागे हातात कॅमेरा धरून काढलेला चंद्र पाठवला तर म्हणाली, हा चंद्र आहे का फुटलेलं अंडं? पियुष, तुझं काहीच टिकत नाही, हातसुद्धा नाही. मग तिनंच पैज लावली. येत्या पौर्णिमेचा चंद्र, ट्रायपॉड न लावता, खड्डे मोजता येतील असा. जमलं तर एकदा भेटेन. पौर्णिमेला खड्ड्यांची सावलीच पडत नाही, म्हणजे सगळ्यात अवघड दिवस निवडला. मुद्दाम. चार तारखेला पौर्णिमा. बघतोच!

२५ नोव्हेंबर

चारला गावामागच्या बांधीत गेलो. धान कापून झालंय, नुसती खुंटं. भर उन्हात फिकट कोर. कोपरं छातीला दाबायची, अर्धा श्वास सोडून थांबायचं, मग बटण. पण दोन किलोची लेन्स, चंद्र चौकटीत माशीसारखा उडतो. दोनशे फोटो काढले. दोनशे अंडी.

२६ नोव्हेंबर

जमलं! चंद्र उंच असतो, मान मागे टाकली की तोल जातो. बांधीच्या मधोमध माणसाएवढा सागाचा खांब आहे, त्याला पाठ टेकवली. लेन्स हवेत रोवल्यासारखी थांबली. कोरीच्या कडेवरचे खड्डे एकेक करून दिसले, सावलीसकट. ट्रायपॉड नव्हता, म्हणजे नियम मोडला नाही. पाठ टेकवू नको असं ती कुठं म्हणाली होती?

२७ नोव्हेंबर

झिंगूभाऊंनी झापलं. बांधी त्यांची. साठीचा माणूस, आयुष्यभर जंगलात वाट दाखवलेला. म्हणे, त्या खांबाले टेकला का तू? निघताना हात झटकले का? काऊन, मी विचारलं.

खांब त्यांच्या थोरल्या भावाचा, दसरूचा. धान राखताना वाघ समोर आला. अशा वेळी हालायचं नाही हे इथं पोरासोरांनाही ठाऊक. दसरू हालला नाही. वाघ हुंगून निघून गेला. दसरू मात्र नंतरही हालला नाही. हाका मारल्या, ओढलं, काही नाही. तिसऱ्या दिवशी उभ्या उभ्या गार. उभा होता तिथंच खांब रोवला. तेव्हापासून त्यांच्या घरचं कोणी तिथून निघालं की हातपाय झटकतं, 'मी चाललो, दादा' म्हणतं. टेकत तर कोणीच नाही. म्हणे, टेकलं का त्याले वाटते, हा बी थांबायलेच आला.

मी म्हटलं, भाऊ, मले हालायचंच नाही ना! ते हसले नाहीत.

२९ नोव्हेंबर

मुद्दाम खांबापासून वीस पावलं लांब उभा राहिलो. तरी लेन्स हलली नाही. हे अक्षर बघा, आठवीत मार खाऊनही एवढं वळणदार आलं नव्हतं. काठोकाठ भरलेला चहा विनोदभाऊंना नेऊन दिला, थेंब सांडला नाही. म्हणे, चाल, तुले हॉटेलातच लावून देतो.

टिकत नाही म्हणे हात. बघ म्हणावं.

१ डिसेंबर

लेन्सवर कोतवाल पक्षी येऊन बसला. शेपटी हलवत, निवांत. मला झाड समजला.

विनोदभाऊंनी तीन हाका मारल्या म्हणे. मान वळायला वेळ लागला. मी चारला उभा राहिलो होतो, सहा वाजले होते. फोटो एकच. पापण्या आता आठवणीनं मिटाव्या लागतात.

२ डिसेंबर

भीतीनं हात थरथरतो म्हणतात. माझा थरथरत नाही. म्हणजे मी भ्यालो नाही.

छातीवर हात ठेवला. दोन ठोक्यांच्या मध्ये — खूप वेळ.

३ डिसेंबर

झिंगूभाऊ दुकानात आले. म्हणे, आत्ता चाल. कॅमेरा ठेव, अंग झटक, चाललो म्हण. सोडते तो, अजून सोडते. पण मग थरथर परत येईल — आणि चंद्र उद्या. म्हटलं, परवा म्हणीन. म्हणे, परवा तोंड राहीन का तुले?

माझा दंड धरून हलवत राहिले. दोन्ही हातांनी. दमले.

दंड हलला नाही.

४ डिसेंबर, साडेपाच, बांधीतच

मिळाला. हातात धरून. एकच फोटो, एकेक खड्डा. पाठवला. आता म्हण अंडं —

पावणेसहा

उत्तर आलं. मोजले, म्हणते. चुकले दोनदा, परत मोजले. हरले. उद्या नऊला चंद्रपूरच्या बसस्टँडवर ये.

जातो. जाणारच.

पाय —

वीस पावलं लांब उभा होतो. मोजून. पाठीला लाकूड कुठून —

झिंगूभाऊ बांधीच्या धुऱ्यावरून पळत येताहेत. झटक, झटक ओरडतात. म्हण, चाललो म्हण. जीभ नाही — पेन चालतोय अजून. लिहून सांगतो. ऐक दसरू, मी थांबायला आलो नव्हतो. तिनं बोलावलंय. मी चाललो, दादा. मी चाललो. मी चाल