यानं कुणी मरत नाही

सोमवार, ३ तारीख
आज पोलीस ठाण्यात झाडलोटीला लागले. थोरल्या लेकानं लावलं, तो इथंच शिपाई आहे. ऊन छान, नळाला धो धो पाणी, चहा फुकट. नातीनं वही दिली, म्हणाली, आजी, लिहीत जा, अक्षर सुधारेल. माझी शाळा दुसरीत सुटली, तरी इथल्या साहेबापेक्षा बरं वाचते. नवा कायदा वाचून दाखवताना तीनदा अडखळलं ते ढोल. कायदा असा, की गोळी घालायची नाही, विजेचं पिस्तूल मारायचं. माणूस पडतो, मरत नाही. महिन्यापूर्वी एकच आलं होतं, आज खोकी भरून आलीत. पिवळी धमक. एवढाले मिशीवाले, पण खेळणी मिळाल्यासारखे नाचत होते.

बुधवार, ५ तारीख
मागच्या खोलीत आठ खुर्च्या. तीन खुर्च्यांवर माणसं, एक रिक्षावाला, एक भाजीवाली, एक दारुडा. हवालदार म्हणाला, आराम करतायत, वीज उतरली की जातील. झाडायला गेले, तर तिघांनी पाय वर घेतले. शहाणी माणसं म्हटलं. मग भाजीवालीच्या डोळ्यावर माशी बसली. पापणी हलली नाही. मनगट धरलं, नाडी नाही. मी पाच मयतांना आंघोळ घातलीय, मला कुणी शिकवू नये.

शुक्रवार, ७ तारीख
ठाण्यात येणाऱ्या डॉक्टरला गाठलं. तो म्हणतो, नव्या कागदावर मृत्यूचा रकानाच नाही. कायद्यानं कुणी मरत नाही, तर मी कोण लिहिणारा? ‘विश्रांती’ लिहितो. शिकून हे दिवे लावले. ठाण्यातल्या कारकुनानं दबक्या आवाजात सांगितलं, की मागे त्या पहिल्या पिस्तुलानं पडलेल्या एका सुताराच्या वेळी त्यानं सवयीनं जुना कागद घेतला आणि ‘मेला’ असं लिहून टाकलं. त्याच क्षणी सुतार खुर्चीवरून घसरला, आडवा झाला, डोळे मिटले. घरच्यांनी रीतसर नेला. कारकुनाला मेमो मिळाला. जुने कागद जाळले.

शनिवार, ८ तारीख
नवा हुकूम. पिस्तूल बाळगायचं, तर आधी एक झटका स्वतः खायचा. साहेबानं न खाताच आपल्या नावापुढं ‘खाल्ला’ लिहून टाकलं, नेभळट. थोरल्याचा नंबर सोमवारी. म्हटलं, वर्दी फेक, माझ्याबरोबर भांडी घास. हसला. म्हणाला, आई, पाच सेकंदांचं काम, तू उगाच घाबरतेस.

सोमवार, १० तारीख
पाच सेकंद कसले. साहेबाला बटण सोडता येईना. वेंधळा, त्यात हसतोय. बाकीचे टाळ्या वाजवतायत— मी ओरडले. कुणी बघितलंसुद्धा नाही.
डॉक्टरनं लिहिलं, विश्रांती.

मंगळवार
चौथी खुर्ची. हाक मारली. माझ्याकडे बघत नाही. भिंतीकडे—
कारकुनाच्या पाया पडले, मी, या वयात, त्या शेळपटाच्या. एक शब्द लिही म्हटलं. नोकरी जाईल म्हणतो.

बुधवार
चौघंही आता रडतात. तोंड बंद, आवाज येतो. साहेबानं दार लावून घ्यायला सांगितलं, त्याला जेवण जात नाही.
कागदाचं काय मोठंसं. माझ्याकडे वही आहे. आई लिहील. आईचं चालेल—

त्याच्याशेजारी बसलेय. माझा थोरला, सोमवारी, दुपारी—
हात धरलाय त्यानं. गार. सोड रे राजा. लिहिलं की सुटशील. नको म्हणून मान—
सोड. मलाही नकोय. लिहू दे.
माझा थोरला मे