शब्द झाकलेली गोष्ट

अहो,
साष्टांग नमस्कार, गुडघे वाकतील तेवढाच. गोळ्या वेळेवर घेता ना?

आपल्या नातीच्या चित्रांच्या पुस्तकाला बक्षीस मिळालं. पुस्तक करताना ती शब्द झाकून पान माझ्यापुढे धरायची. "आजी, सांग गोष्ट." मी अडले की चित्र फाडून नवं काढायची. हरवलेल्या पिल्लाचं शेवटचं पान बघून मी अडले नाही, नुसती रडले. हे लिहायला ती लाजतेय बघा. लिही गं मुकाट्यानं!

"चित्रं काढून पोट भरतं का?" हे तुमचं बोलणं तिला अजून सलतं. समारंभाला याल का, हे विचारायला ती घाबरते, म्हणून मी विचारते. उत्तर माझ्याच नावानं पाठवा, म्हणजे तुमचा ताठा शाबूत राहील. वाचणार तीच आहे.

तुमचीच,
अंगठेबहाद्दर