दारात काढलेला पाय

पवनार
२ मे १९९८

ती. ताईस प्रेमदासचा सविनय जयभीम, वि. वि.

नागपूरच्या पुनर्वसन केंद्रातून परवा घरी आलो. नवा पाय लागला, चालणं जमते. तिथल्या मॅडमनी आमच्या वीज ऑफिसशी बोलून माझ्यासाठी बसून करायचं काम काढलं आहे, मीटर तपासायचं. पंधरा तारखेपर्यंत होकार कळवायचा आहे.

पण ताई, खांबावरून पडल्यापासून तीन वर्षं पेन्शनवर घरीच आहे, तेच बरं वाटते. दुपारी डोळा लागला की मी खांबावर असतो. वारा येते, खाली धाम नदी चमकते, दोन्ही पाय माझेच असतात. जागं व्हावंसं वाटत नाही. टेबलाशी बसलेला लाइनमन लोकांनी कशाला पाहायचा? लोभ आहेच, तो राहू दे.

तुझा प्रेमदास

रोहणा
७ मे १९९८

चि. प्रेमदासले अनेक आशीर्वाद.

तुयं पत्र भेटलं. सपनं पाहाले मनाई नाई, पन तू दिवसभर तेच करून राह्यला, याचं भेव वाटते. तुयी बायको देवका सांगे, चहाबी खाटेवरच लागते म्हणून. तिनं का नवाबाशी लगन केलं? लोक पाहातीन त पाहू दे. तू घराबाहेर निंघत नाई, याचंच मले दुःख आहे. बुद्धपौर्णिमेले तरी विहारात जाजो. माया आहे म्हणून बोलली, राग नोको धरजो.

तुयी ताई धुरपता

पवनार
१९ मे १९९८

ती. ताईस सविनय जयभीम, वि. वि.

तुझं ऐकून विहारात गेलो. दारात चपला काढताना मन अडलं. हा पाय कारखान्यात बनलेला, म्हणजे चपलेसारखाच बाहेरचा. पट्टा सोडला, पाय चपलांच्या रांगेत ठेवला आणि भिंतीला धरून लंगडत आत गेलो. विहार झाडणाऱ्या आनंदाबाई तो पाय छातीशी धरून आत आल्या. पदरानं पुसून माझ्याजवळ ठेवला. म्हणाल्या, बाहेर चपला काढत असतात बाबू, पाय नाई. सगळे हसले. मीही हसलो, मग रडू आलं. तिथंच पट्टा बांधला आणि दुसऱ्या दिवशी होकार कळवला.

काल कामाचा पहिला दिवस. पाय कसा गेला, ते सांगायची तयारी करून साहेबांसमोर बसलो. त्यांनी ते विचारलंच नाही. विचारलं, काम काय काय येते? ताई, तीन वर्षांत हे कोणीच विचारलं नव्हतं. मी सांगतच राहिलो, त्यांचा चहा थंडा झाला.

असाच जीव लावत राहा.

तुझा प्रेमदास